केसपेपरवरचा पत्ता

घरात कुणाला जराशी कणकण आली, की आपण काय करतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. अंथरूण घालतो, पंखा बारीक करतो, मऊ भातावर मेतकूट आणि तूप वाढतो. डॉक्टर सांगतात, "तीन दिवस विश्रांती. पाणी उकळून प्या. गोळ्या जेवणानंतर. आणि आठ दिवसांनी दाखवायला या." आपण मान डोलावतो. यातलं एखादं काम अवघड आहे, असं आपल्या मनातसुद्धा येत नाही.

आता हीच चिठ्ठी एस.टी. स्टँडवर झोपणाऱ्या एखाद्या म्हातारीच्या हातात ठेवा. विश्रांती घ्यायची ती कुठं? फलाटावर? पाणी उकळायचं ते कशात? 'जेवणानंतर' म्हणजे नेमकं कधी? जेवण मिळेल तेव्हा की काय? आणि आठ दिवस झाले हे तिला सांगणार कोण? चिठ्ठीतल्या निम्म्या ओळी घर गृहीत धरूनच लिहिलेल्या असतात. मला हे कळायला पन्नाशी उलटावी लागली, हे आधीच कबूल करते.

आमचं गाव नारायणगाव-मंचर पट्ट्यातलं. या भागात घर नसलेली माणसं आहेत, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी चटकन 'छे हो' म्हटलं असतं. ते मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर. आमच्याकडे टोमॅटोचे मळे, द्राक्षं, कांदा, ऊस. पण एकदा नजर बसली की माणसं दिसायला लागतात. ओझर-लेण्याद्रीला चतुर्थीच्या गर्दीत हात पसरून बसलेली. स्टँडच्या कोपऱ्यात गाठोडं उशाशी घेऊन निजलेली. मेंढरांमागं वाड्यावर फिरणारी, रात्री उघड्या रानात तळ ठोकणारी धनगर कुटुंबं. आणि दिवाळी झाली की उसाच्या फडात येऊन उतरणाऱ्या टोळ्या. आता यांची गावं आहेत, घरंही आहेत म्हणा, पण वर्षातले पाच-सहा महिने ती घरं कुलपात आणि माणसं पाचटाच्या कोपीत!

अगदी 'आंबेगाव' हे नावसुद्धा पाहा. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. याच तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर कोसळला. दीडशेवर माणसं गेली, आणि मागे राहिलेल्यांना पक्क्या घराच्या किल्ल्या मिळेपर्यंत २०१७ उजाडलं. छप्पर जायला किती वेळ लागतो, हे आमच्या भागानं काही कमी पाहिलेलं नाही.

तर त्या म्हातारीची गोष्ट. आमच्या वन्सं आरोग्य खात्यात परिचारिका होत्या, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. एका बुधवारी आम्ही दोघी बाजाराला निघालो होतो. स्टँडवर एका बाकाच्या आसपासची जागा मोकळी होती आणि बाकी सगळीकडे ही गर्दी! कारण नाकालाच समजलं. बाकावर एक आजी बसली होती. पायाला कळकट फडकं, त्यावर माश्या. माझा हात आपोआप पदराकडे गेला. वन्संनी तो तिथंच धरला.

"वहिनी, नाकाला पदर लावायचा नाही. तुम्हाला वास येतोय, तिला येत नसेल?"

आणि त्या सरळ त्या आजींसमोर खाली बसल्या. पायाबद्दल चकार शब्द नाही. "आजी, चहा घेता का? मला एकटीला जात नाही." चहा आला. मग कुठून आलात, चप्पल कुठं गेली, रात्री थंडी वाजते का, असं बरंच काही. दहा मिनिटांनी आजींनीच फडकं सोडून पाय पुढं केला. तळव्याला रुपयाएवढी जखम होती आणि तीत अळ्या झाल्या होत्या. मला गरगरलं. वन्सं मात्र, भाजी निवडताना बोलावं तशा बोलत होत्या. "साखर असणार यांना. पायाची जाणीव गेलेली दिसतेय. काटा रुतला तरी कळला नसेल."

गंमत म्हणजे, त्यांनी त्या जखमेला हातही लावला नाही. अळ्या पडलेली जखम घरच्या घरी साफ करायला जायचं नाही, हे त्यांनी मला बजावून सांगितलं. तिच्यावर स्वच्छ ओलं कापड सैल बांधायचं आणि रुग्णालयात न्यायचं, इतकंच आपलं काम. हळद, राख, फिनेल असलं काही टाकायचं नाही. (फिनेल! पण टाकतात हो लोक. जनावराच्या जखमेला चालतं मग माणसाला का नाही, असा हिशेब.)

आम्ही तिला रिक्षात घालून नेलं. नाव नाही सांगत कुठल्या दवाखान्यात, कारण नावात काही नाही, अशी खिडकी सगळीकडेच असते. खिडकीतल्या मुलानं विचारलं, "नाव?" आजींनी सांगितलं. "वय?" "असंल सत्तर." "पत्ता?" आजी गप्प. "आधार?" आजी गप्प. "अहो, काहीतरी पत्ता सांगा ना. रकाना भरल्याशिवाय संगणक पुढं जात नाही." मागची रांग कुरकुरायला लागली. आजी उठायला निघाल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. आपलं काय एवढं."

वन्संनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीत वाकून म्हणाल्या, "लिहा हो, पत्ता यांच्या घरचा. आणि मोबाईलही यांचाच."

अशी ती आजी कागदोपत्री माझ्या घरी राहायला आली. खरं सांगू? त्या क्षणी मला रागच आला होता. उद्या काही झालं तर आपल्या गळ्यात, असंच पहिल्यांदा वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं. पण माणूस दवाखान्याच्या दारात पोचल्यावरसुद्धा केवळ एका रिकाम्या रकान्यामुळं परत फिरू शकतं, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

अशा माणसांची सेवा करायची म्हणजे काय, याचा विचार मग मी करू लागले. आपल्या पुणे जिल्ह्यातच त्याचं एक मोठं उदाहरण आहे, ते तुमच्यापैकी अनेकींना ठाऊकही असेल. डॉ. अभिजित सोनवणे यांनी १५ ऑगस्ट २०१५ पासून पुण्यात भीक मागणाऱ्या लोकांची रस्त्यावरच तपासणी सुरू केली. चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि मोटारसायकलवर औषधं लादून निघाले. 'डॉक्टर फॉर बेगर्स' या नावानं लोक त्यांना ओळखतात. त्यांच्या पत्नी डॉ. मनीषा सोनवणे आणि 'सोहम ट्रस्ट' ही त्यांची संस्था या कामात आहेत. मला त्यांच्या कामात सर्वांत काय भावलं असेल, तर त्यांचं वेळापत्रक. सोमवारी शंकराच्या देवळापाशी, गुरुवारी दत्ताच्या नाहीतर साईबाबांच्या, शुक्रवारी मशिदीपाशी, शनिवारी मारुती नि शनीपाशी, रविवारी चर्चपाशी. कारण मागणारी माणसं वारांप्रमाणे जागा बदलतात. रुग्णानं डॉक्टरांच्या वेळेला यावं हा आपला रिवाज, इथं डॉक्टरच रुग्णाच्या वाराला जातात. शिवाय त्यांचा हेतू नुसता गोळ्या देण्यापुरता नाही. आजी-आजोबांशी नातं जोडायचं, आजार बरा करायचा आणि मग भीक सोडून झेपेल ते काम करायला लावायचं. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं, दिसायला लागलं की हातांना काम सुचतं, इतका तो साधा हिशेब आहे.

रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांचं दुखणं याहून निराळं. आपण त्यांना 'वेडी' म्हणून रस्ता बदलतो. मुंबईच्या डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्यानं एका तरुणाला नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिताना पाहिलं, आणि त्यातून १९८८ मध्ये 'श्रद्धा' ही संस्था उभी राहिली. औषधांनी तो तरुण सावरला, तेव्हा कळलं की तो चांगला शिकलेला, आंध्रातल्या घरचा मुलगा! त्यांचं केंद्र कर्जतला आहे, म्हणजे आमच्या भीमाशंकरच्या डोंगराखाली, पलीकडच्या अंगाला. हजारो माणसांना त्यांनी बरं करून आपापल्या गावी पोचवलं, आणि २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ (पूर्वीचं अहमदनगर) शिंगवे इथं डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं 'माउली' आहे. ते फक्त बायकांसाठी. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रिया आणि त्यांची मुलं तिथं राहतात. ती मुलं कुठून आली, हे मी लिहायला नको. रस्त्यावरच्या बाईची रात्र कशी जाते ते आपण बायकांनी ओळखावं.

आणि एक गोष्ट कायद्याची, ती लक्षात ठेवाच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे असं भटकणारं माणूस दिसलं, तर त्याला ताब्यात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात पोचवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत टाकता येत नाही. तेव्हा 'आपण काय करणार' असं म्हणण्याऐवजी ११२ ला फोन करता येतो. जखमी किंवा बेशुद्ध असेल तर १०८.

आता पुन्हा आमच्या शिवारात या. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर, हे आमच्या दोन तालुक्यांतले साखर कारखाने. बॉयलर पेटला की बीड, पाथर्डी नि कुठून कुठून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बरं का. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती अंगावर काम करून फेडायची असते. एक दिवस कामावर गेलं नाही तर 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात. तेव्हा 'तीन दिवस विश्रांती' हे औषध या बाईला परवडणारं नसतं. ते आपल्या दुकानात मिळत नाही, आणि मिळालं तरी फार महाग.

मागल्या हंगामात आमच्याच बांधाला सहा कोप्या होत्या. एका संध्याकाळी एक पोरसवदा बाई लेकरू घेऊन दारात आली. "ताई, ताप लई हाय. कायतरी गोळी द्या की." मी डबा उघडणार, तेवढ्यात वन्सं आतून म्हणाल्या, "आधी लेकराला शेवटची लघवी कधी झाली ते विचारा." सकाळपासून झाली नव्हती. जुलाब दोन दिवस चालू होते. म्हणजे लेकरू सुकत चाललं होतं आणि मी त्याला तापाची गोळी देऊन पाठवणार होते! मग आम्ही लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं. (चमचा चहाचा, आणि मापात चूक नको. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो.) वाटी-चमच्यानं थोडं थोडं पाजत पाजत त्याच गाडीतून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं. लेकरू दोन दिवसांत हसायला लागलं. आईचा मात्र दोन दिवसांचा खाडा झाला, आणि तो भरून काढायला ती चौथ्या दिवशी अंगात ताप असताना मोळ्या वाहत होती.

याच बायकांची २०१९ मधली बातमी तुम्ही विसरला नसाल. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात, अशी ओरड झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत घडी बदलायला जागा नाही. अंगावरून जायला लागलं तर साधा उपचार महिना-दोन महिने घ्यायला थांबणार कोण? त्यापेक्षा 'पिशवीच काढून टाक' हा सल्ला सोपा. ज्या दुखण्यावर कदाचित न्हाणीघर, पाणी आणि थोडी उसंत पुरली असती, त्यावर शस्त्रक्रिया झाली. मला राग येतो तो याचा.

आणखी एक भय रात्रीचं. बिबट्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्रही आता प्रसिद्ध आहे. बिबट्याच्या तावडीत सापडणाऱ्यांत कोपीतली आणि वाड्यावरची लेकरं असतात, कारण मध्ये दार नसतं. वाचलेल्या लेकराला रेबीजची लस लागते. दंडाच्या कातडीत देतात ती लस पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची. मेंढपाळाचा वाडा तोवर कुठल्या कुठं गेलेला असतो! म्हणून अशा वेळी तारखांचा कागद करून द्यावा आणि सांगावं, की लस जिथं असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढं चालू ठेवता येते. क्षयाच्या औषधाचंही तसंच. सहा महिन्यांचा तो उपचार, आणि उसाचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. एका ठिकाणी सुरू होऊन दुसऱ्या ठिकाणी संपणार हे ठरलेलंच. नोंद दुसऱ्या गावी हलवता येते, फक्त ते सांगणारं कुणीतरी हवं.

पण बिबट्याइतकाच, किंबहुना जास्त गुपचूप येतो तो मण्यार. भुईवर झोपलेल्या माणसाला तो रात्री चावतो. ना वेदना, ना नीटशी खूण. पहाटे पोटात दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. लोक म्हणतात, 'अपचन झालं', 'बाहेरचं काही असेल'. आणि श्वास थांबतो. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करून या भागात कितीतरी जीव वाचवले आहेत, गावोगावी लोकांना शहाणं केलं आहे. तेव्हा भुईवर झोपणाऱ्या कुणाच्या पापण्या पहाटे मिटायला लागल्या, तर मांत्रिक नको, चिरा नको, दोरी नको. दंशाचा हात-पाय हलू न देता सरळ रुग्णालय. लस सरकारी रुग्णालयात मोफत असते. आणि यावर अगदी आपल्या आवाक्यातला एक उपाय आहे. मच्छरदाणी! कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या, तर डास तर अडतातच, मण्यारही अडतो. आपल्या माळ्यावर पडलेल्या जुन्या मच्छरदाण्या आठवतात का पाहा. भोक असेल तर चार टाके घालून द्या.

जुन्या साड्या देण्याची आपल्याला हौस असते, त्या द्याव्यातच. पण मी आता वेगळ्या वस्तू काढून ठेवते. बंद चपला आणि सुती मोजे, साखरेच्या रुग्णाच्या पायासाठी. फडक्यांच्या घड्या, उन्हात कडक वाळवून पिशवीत बांधलेल्या. साबणाची वडी. उरलेली औषधं मात्र चुकूनही वाटू नका. तुमच्या सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी दुसऱ्या म्हाताऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि तारीख उलटलेलं औषध दान केल्यानं पुण्य लागत नाही.

पैशांनी होत नाही ते घरानं होतं. स्टँडजवळची एक भाजीवाली ओळखीच्या एका आजोबांचं इन्सुलिन समोरच्या किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवते. रोज सकाळी तो दुकानदार बाटली काढून देतो. तुमच्या फ्रीजच्या दारातली अशी एक छोटी डबी कुणाचा पाय वाचवू शकेल. कुणाला आंघोळीला गरम पाणी द्या, कुणाचा केसपेपर तुमच्या कपाटात सांभाळा. पावसात भिजून कागद गेला, की डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि खिडकीपाशी कुणी अडवलं, तर हे माहीत असू द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा वैद्यकीय समाजसेवकांना भेटायला मागा. आवाज चढवू नका, पण जागचं हलूही नका. वन्संकडून शिकलेली ही विद्या.

आमच्या आजींचा पाय वाचला. एक बोट गेलं. साखरेच्या गोळ्या दोन प्रकारच्या, सकाळी एक, रात्री एक, आणि आजींना अक्षरओळख नाही. मग मी जुन्या खणाच्या तुकड्याची दोन कप्प्यांची पिशवी शिवली. एका कप्प्यावर पिवळ्या दोऱ्यानं सूर्य भरला, दुसऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं चंद्रकोर. गळ्यात अडकवायला नाडी. आजींनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "चंद्र बरा जमलाय. सूर्य भाकरीवानी झालाय." खरंच झाला होता.

परवा माझ्या मोबाईलवर दवाखान्याचा संदेश आला. आजींच्या नावाचा, पुढच्या तपासणीची तारीख. मी लगबगीनं स्टँडवर गेले, तर बाक रिकामा. पोटात धस्स झालं. चहावाल्याला विचारलं.

"म्हातारी व्हय? आळंदीला गेली एकादशीला. बुधवारी येते म्हणाली."

"आणि गोळ्या?"

"नेल्या की. गाडीत चढताना गळ्यातली पिशवी काढून दाखवली मला. म्हणली, बाई आली इचारत तर सांग, बरोबर हाय म्हणून."